कानाखालची गाठ: ऑपरेशनला हो म्हणायच्या आधी

लाळग्रंथीची गाठ बहुतेकदा दुखत नाही, म्हणूनच ती वर्षानुवर्षं तशीच राहते. दाढी करताना किंवा कानातलं घालताना पाळीखाली काहीतरी बोटाला लागतं. घरचे म्हणतात, चरबीची असेल. कोणी शेकायला सांगतं, कोणी लेप सुचवतं. मग एखाद्या लग्नाच्या फोटोत चेहरा एका बाजूने भरलेला दिसतो आणि माणूस फाईल घेऊन माझ्या दारात येतो. "काकू, दुखत तर नाही न, मग कायले कापाचं?"

मी सरकारी दवाखान्यात सर्जरी वॉर्डाची सिस्टर होते. आता रिटायर झाले, नागपुरात मानेवाड्यात राहते, तरी गल्लीतले लोक अजून मला ड्युटीवरच समजतात. मी डॉक्टर नाही. तुमच्या गाठीचा निर्णय तुमच्या सर्जनने तपासून घ्यायचा आहे. पण वॉर्डात राहून एक गोष्ट कळते, जी ओपीडीच्या पाच मिनिटांत कळत नाही: ऑपरेशन झाल्यावर कोण परत येतं आणि कशासाठी येतं. त्यावरून सांगते. या गाठींमध्ये ऑपरेशन करायचं की नाही याची जेवढी चिंता लोक करतात, तेवढी पहिलं ऑपरेशन कोण आणि कसं करणार याची करत नाहीत. आणि जास्त फरक तिथेच पडतो.

गाठ नेमकी कुठे आहे

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. कानापुढे आणि कानाखाली पॅरोटिड, जबड्याच्या हाडाखाली सबमँडिब्युलर, जिभेखाली सबलिंग्वल. शिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी. गाठ यातल्या कुठेही होऊ शकते, पण जागेप्रमाणे तिचा अर्थ बदलतो.

शंभरातल्या साधारण ८० गाठी पॅरोटिडच्या असतात, आणि पॅरोटिडच्या गाठींपैकी पुन्हा ८० टक्क्यांच्या आसपास साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या. जबड्याखालच्या ग्रंथीत हे प्रमाण निम्म्यावर येतं. जिभेखाली आणि टाळूवर तर कॅन्सरचीच शक्यता जास्त. थोडक्यात, ग्रंथी जेवढी लहान तेवढा संशय मोठा. म्हणून टाळूच्या एका बाजूला गुळगुळीत फुगवटा लागला, तर तो दाढेचा गळू समजून गोळ्या घेत बसू नका.

प्रत्येक सूज गाठ नसते, हेही आलंच. जेवायला बसलं की फुगते आणि तासाभराने उतरते, ती बहुधा नळीतल्या खड्याची. ताप येऊन दोन्ही गाल सुजले, लेकराच्या शाळेत आणखी दोघातिघांना तसंच आहे, तर गालगुंड. मानेत एकाला लागून एक गिल्ट्या, म्हणजे सुजलेल्या लसिकाग्रंथी, असतील तर टीबीही पाहावा लागतो.

आणि हे दिसलं तर सहा महिने वाट पाहण्याचा प्रश्नच नाही: चेहऱ्याची ती बाजू लुळी पडणं, डोळा पूर्ण न मिटणं, गाठ एकाएकी भराभर वाढणं, ती हलेनाशी होणं, सतत ठणकणं, वरची कातडी चिकटणं, मानेत दुसरी गाठ येणं. त्याच आठवड्यात दाखवा.

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं घोटलेलं मिश्रण, याबद्दल मला हमखास विचारतात. खर्ऱ्याने तोंडाचा कॅन्सर होतो, हे नागपुरात कोणाला सांगायला नको. लाळग्रंथीच्या गाठींचं पक्कं नातं दिसतं ते बिडी-सिगारेटच्या धुराशी, आणि तेही वॉर्थिन नावाच्या एका साध्या जातीशी. पण खर्रा या ऑपरेशनमध्ये दुसऱ्याच रस्त्याने आडवा येतो, त्याबद्दल पुढे.

तपासण्या, आणि सुईची भीती

आधी सोनोग्राफी. मग एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून काचेवर पसरून पाहणं. गाठ खोलवर असेल, मोठी असेल, परत आलेली असेल किंवा कॅन्सरचा संशय असेल तर एमआरआय.

"सुई टोचली की पसरते" असं म्हणत लोक एफएनएसी टाळतात. ही सुई हातातून रक्त काढायच्या सुईपेक्षा बारीक असते आणि तिने गाठ पसरते असं दिसलेलं नाही. खरं घाबरायचं ते उलट्या गोष्टीला. पॅरोटिडच्या गाठीला वरून चीर देऊन "एक तुकडा तपासायला" काढणं. त्यात गाठीचं आवरण फुटतं, पेशी आजूबाजूला सांडतात आणि ग्रंथीतून जाणारी, चेहरा हलवणारी नस (मज्जातंतू) दुखावू शकते. असं कोणी सुचवलं तर नम्रपणे फाईल परत घ्या आणि दुसरीकडे दाखवा.

एफएनएसीचा रिपोर्ट मात्र अंतिम निकाल नसतो. त्यात 'पेशी पुरेशा नाहीत' लिहिलं असेल तर 'काही नाही निघालं' असा अर्थ घेऊ नका. सोनोग्राफीत पाहत पुन्हा सुई घ्यायला सांगा. साधी गाठ म्हणून गेलेली क्वचित ऑपरेशननंतर कॅन्सरची निघते. अख्खी गाठ मायक्रोस्कोपखाली जाते तेव्हाच तिचं खरं नाव कळतं, आणि ऑपरेशनचा हाही एक फायदाच आहे.

साधी आहे, तर काढायची कशाला

साध्या गाठींमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी म्हणजे प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा. नाव जड आहे, पण रिपोर्टवर हेच दिसेल. ती आपोआप जिरत नाही. कोणत्याही गोळीने, काढ्याने, लेपाने ती लहान होत नाही. उलट सावकाश वाढतच राहते, आणि वाढता वाढता चेहऱ्याची नस ताणून चपटी करते. दोन सेंटिमीटरची असताना जे ऑपरेशन सरळ असतं, ते सहा सेंटिमीटरला सरळ राहत नाही. शिवाय तिच्यात कॅन्सर उद्भवू शकतो. पहिल्या काही वर्षांत ही शक्यता शंभरात एक-दोन धरतात, पंधरा वर्षांच्या पुढे ती दहाच्या घरात सांगतात. चाळीस वर्षांच्या माणसापुढे अजून तीस-चाळीस वर्षं आहेत. त्याने ती ठेवून द्यावी असं मला कधीच वाटलं नाही.

पण हाच हिशेब सगळ्यांना लागू नाही. ऐंशीच्या आजोबांची वॉर्थिन गाठ असेल, हृदयाचं पंपिंग कमी असेल, गाठ लहान आणि वाढत नसेल, तर सर्जन स्वतःच म्हणतात राहू द्या, दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने सोनोग्राफी करा. वॉर्थिनमध्ये कॅन्सर फारच विरळा. ती कधीकधी दोन्ही बाजूंनाही असते, म्हणून दुसरा गालही तपासून घ्या. 'राहू द्या' हासुद्धा उपचारच आहे, मात्र तो तपासणीच्या तारखेसकट. तारीख नसेल तर ते नुसतं दुर्लक्ष.

आणि कृपा करून बिब्बा लावू नका. खेड्यातून येणाऱ्या पेशंटच्या गाठीवर बिब्ब्याचे किंवा डाग दिल्याचे काळे वण मी इतके पाहिले की पुसता सोय नाही. गाठीला काही होत नाही. जिथून चीर द्यायची तीच कातडी जळते, पिकते, आणि ऑपरेशन लांबतं.

आत काय आहे ते आपल्याच हाताने समजून घ्या

आपला उजवा तळहात उजव्या गालावर ठेवा, मनगट कानाच्या पाळीपाशी, बोटं पसरलेली. एक बोट कपाळाकडे, एक डोळ्याकडे, एक गालाकडे, एक खालच्या ओठाकडे, आणि पाचवं मानेकडे. चेहऱ्याची नस अशीच कानामागच्या हाडातून बाहेर येते, पॅरोटिड ग्रंथीत शिरते आणि पाच फांद्यांनी पसरते. भुवई उचलणं, डोळा मिटणं, हसणं, शिट्टी मारणं, पाण्याची चूळ तोंडात धरणं, सगळं याच फांद्यांवर. ग्रंथीचा काही भाग नसेच्या वर, काही खाली. गाठ बहुतेकदा वरच्या भागात असते.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं, साधारण दोन ते चार तास. चीर कानापुढून खाली येते, पाळीला वळसा घालून मानेच्या घडीत जाते, त्यामुळे पुढे वण फारसा दिसत नाही. चांगला सर्जन आधी गाठीला हात लावत नाही, आधी नस शोधतो. मग नसेच्या फांद्या एकेक मोकळ्या करत, गाठ भोवतालच्या निरोगी ग्रंथीसकट उचलतो. लहान, हलती, वरवरची गाठ असेल तर थोड्या कमी ग्रंथीसह काढता येते. किती ग्रंथी जाणार, हे विचारून ठेवा.

घाईने होतं ते याच्या उलट. जागेवर भुलीचं इंजेक्शन, छोटी चीर, आणि गाठ नुसती सोलून बाहेर. अर्ध्या तासात घरी, खर्चही कमी. पेशंट खूश. या गाठीचं आवरण जागोजागी पातळ असतं आणि तिची बारीक टोकं आवरणाबाहेर डोकावत असतात. सोलून काढली की ती मागे राहतात. नुसत्या सोललेल्या गाठी शंभरात २० ते ४० परत आल्याच्या नोंदी आहेत. ग्रंथीच्या भागासकट नीट काढल्या तर हा आकडा दोन-चारवर येतो.

परत येते ती एक गाठ म्हणून येत नाही. उमरेडकडच्या एका शेतकरीदादांच्या गालावर मी हात फिरवला होता. पहिलं ऑपरेशन कुठेतरी असंच सोलून झालेलं, मध्ये बरीच वर्षं काही नाही, आणि मग जुन्या वणाच्या आजूबाजूला कातडीखाली भिजलेल्या साबुदाण्यासारखे दाणे. काही वर, काही खोल. असे दाणे एकेक करून वेचता येत नाहीत. नस जुन्या वणाच्या चिवट जाळ्यात रुतलेली असते, आणि दुसऱ्या वेळी तिला कायमची इजा होण्याची भीती पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. दादांची गाठ निघाली, पण खालचा ओठ त्या बाजूने उतरला तो उतरलाच. चहा पिताना रुमाल हाताशी ठेवत.

जबड्याखालच्या ग्रंथीत गाठ असेल तर सहसा अख्खी ग्रंथीच काढतात. तोंड कोरडं पडेल अशी भीती नको, बाकीच्या ग्रंथी सांभाळून घेतात. तिथे जपायच्या नसा तीन: खालचा ओठ ओढणारी, जिभेला संवेदना देणारी आणि जीभ हलवणारी. टाळूची गाठ तोंडातूनच काढतात. हाडासकट काढावी लागली तर नाकातोंडात भोक राहतं आणि ते झाकायला दातांच्या कवळीसारखी प्लेट लागते, तिची सोय दंततज्ज्ञाकडे आधीच बोलून ठेवावी.

धोके

आता नसेबद्दल, कारण रात्री झोप उडते ती याच भीतीने. साध्या गाठीच्या पहिल्या ऑपरेशननंतर चेहऱ्याचा थोडा भाग काही काळ ढिला पडणं, हे शंभरात २० ते ४० जणांना होऊ शकतं. नस तुटलेली नसते, ओढली-हाताळली गेल्याने सुस्तावलेली असते. बहुतेकांचं काही आठवड्यांत ते काही महिन्यांत भरून येतं. कायमचा लुळेपणा अनुभवी हाताखाली शंभरात पाचाच्या आत. सगळ्यात जास्त रुसते ती खालच्या ओठाची फांदी, हसताना तोंड एकीकडे ओढल्यासारखं दिसतं.

खरी काळजी डोळ्याची. डोळा पूर्ण मिटत नसेल तर बुबुळ वाळतं, त्यावर जखम होते, आणि ती जखम नजर नेऊ शकते. दिवसा डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री डोळ्याचं मलम आणि पापणी बंद ठेवायला हलकी चिकटपट्टी. नागपुरात एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि आपण कूलरची जाळी तोंडावर घेऊन झोपतो. डोळा उघडा राहत असेल तर कूलरचा झोत थेट चेहऱ्यावर नको, खाट फिरवा. गाडीवर जाताना बाजूने बंद असलेला गॉगल लावा. नुसता दुपट्टा बांधून धूळ थांबत नाही. डोळा लाल झाला, टोचू लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

कानाची पाळी बधिर होणं हे तर इतकं सर्रास आहे की आधीच गृहीत धरा. तिथली संवेदनेची नस चिरेच्या रस्त्यातच येते. वर्षभरात बधिर भाग आक्रसतो, थोडा राहूनही जातो. बायकांनी कानातलं घालताना आरशात पाहून घालावं, फिरकी रुतली तरी कळत नाही. पुरुषांनी त्या बाजूला वस्तरा जपून.

काहींना जखमेखाली लाळ साठते. जेवलं की कानाखाली फुगतं, कधी टाक्यातून पाणी झिरपतं. पू समजून घाबरू नका आणि घरी दाबून काढू नका. डॉक्टर सुईने ओढून घट्ट पट्टी बांधतात, दोन-तीन वेळा लागतं, काही आठवड्यांत थांबतं.

मग आहे तो घामाचा प्रकार. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, कधी वर्षभराने, जेवताना त्या गालावर घाम येतो आणि कातडी लाल होते. सावजी रस्सा खाताना नागपुरात कोणाला घाम येत नाही म्हणा. पण हा एकाच गालावर येतो, आणि साध्या वरणभातावरही येतो. लाळेला हुकूम देणारे तुटलेले तंतू नव्याने वाढताना कातडीतल्या घामाच्या ग्रंथींना जाऊन जुळतात, म्हणून लाळ सुटायच्या वेळी गाल घामेजतो. पोलंडच्या डॉक्टर लुत्सिया फ्राय यांनी १९२३ मध्ये याचं कारण उलगडलं, म्हणून त्याला फ्राय सिंड्रोम म्हणतात. बहुतेकांना रुमालाने भागतं. फारच त्रास असेल तर बोटॉक्सच्या इंजेक्शनने कित्येक महिने थांबतं. आजार परत आल्याची ती खूण नव्हे, एवढं लक्षात असू द्या.

बाकी रक्तस्राव, जंतुसंसर्ग, भुलीचे धोके कोणत्याही ऑपरेशनसारखेच. पहिल्या रात्री कानाखाली भराभर कडक फुगत असेल तर ड्युटीवरच्या सिस्टरला लगेच उठवा, "त्रास कशाला द्यायचा" म्हणून पडून राहू नका. कानाखाली थोडा खळगा राहतो, तो बहुतेकांना सवयीचा होतो.

कॅन्सर निघाला तर

इथे हिशेबाची तऱ्हाच बदलते. लाळग्रंथीच्या कॅन्सरचा मुख्य इलाज ऑपरेशन हाच आहे. नुसत्या केमोने तो बरा होत नाही. गाठ भोवतालच्या निरोगी भागासकट काढायची, गरजेप्रमाणे मानेतल्या गिल्ट्याही. नस चांगली चालत असेल आणि गाठीपासून सुटत असेल तर कॅन्सरमध्येही ती वाचवतात. नस आधीच लुळी असेल किंवा गाठीत गुरफटली असेल तर मात्र ती द्यावी लागते. शक्य असेल तेव्हा पायातून किंवा मानेतून दुसरी नस घेऊन त्याच बैठकीत जोडतात. ही जोडणी आधीपासून ठरलेली हवी, म्हणून तसा सर्जन टीममध्ये आहे का ते विचारा.

रिपोर्टवर म्युकोएपिडर्मॉइड (ही या कॅन्सरची एक जात) आणि त्यापुढे 'लो ग्रेड' असेल, तर नीट काढलेल्या ऑपरेशनवर बहुतेकदा काम भागतं. ग्रेड जास्त, कडेला पेशी शिल्लक, नसेत शिरकाव किंवा गिल्ट्यांत पसरलेला असेल तर नंतर शेक, म्हणजे रेडिएशन. आठवड्यातले पाच दिवस, साधारण सहा आठवडे. त्याआधी दात तपासून घ्या, किडलेले काढून घ्या, शेकानंतर तोंड कोरडं पडतं आणि दात काढणं जिकिरीचं होतं. ॲडिनॉइड सिस्टिक नावाची जात संथ असते पण नसेच्या वाटेने सरकते, आणि दहा वर्षांनीही परत येऊ शकते, कधी फुप्फुसात. तिच्या पेशंटला 'पाच वर्षं झाली, सुटलो' असं म्हणता येत नाही.

नागपुरात कुठे, कोणाकडे, काय विचारायचं

कोणत्या दवाखान्यात जा हे मी सांगणार नाही. सरकारी मेडिकल कॉलेजचं 'मेडिकल' आहे, मेयो हॉस्पिटल आहे, मिहानमध्ये एम्स आहे, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, आणि धंतोली-रामदासपेठेत तर पाटीला पाटी लागून आहे. हे ऑपरेशन कान-नाक-घशाचे सर्जन करतात, डोकं-मानेचे कॅन्सर सर्जन करतात, जबड्याचे सर्जनही करतात. डिग्रीपेक्षा या नसेवर त्यांचा हात किती बसलाय हे पाहायचं.

विचारायला संकोच करू नका. पॅरोटिडची ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? गाठ नसेच्या वर आहे की खाली? नुसती गाठ निघणार की ग्रंथीसकट? नसेचा मॉनिटर, म्हणजे ऑपरेशनमध्ये नस ओळखायला मदत करणारं यंत्र, वापरता का? मॉनिटर असला तर बरं, पण तो हाताची जागा घेत नाही. ऑपरेशन चालू असताना तुकडा तपासायची सोय आहे का? चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्यांना येतो, त्यांच्याकडून निदान ते कळलं तरी. सहीचा कागद इंग्रजीत असतो, तो मराठीत समजावून मागा. त्यात 'चेहरा लुळा पडू शकतो' हे लिहिलेलं असणारच. ते वाचून पळू नका, पण न वाचता सहीही करू नका.

पैशाचं भरती व्हायच्या आधी बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जोडलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशन कार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन आधी तिथे जा, कारण मंजुरी ऑपरेशनच्या अगोदर लागते. मध्य प्रदेशातून, छिंदवाडा-बालाघाटकडून येणाऱ्यांनी आयुष्मान कार्ड सोबत ठेवावं.

आधीची आणि नंतरची तयारी

ऑपरेशनच्या आधी मोबाईलवर चेहऱ्याचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा. भुवया उचला, डोळे गच्च मिटा, दात दाखवा, गाल फुगवा, शिट्टी मारा. पुष्कळांचा चेहरा मुळातच थोडा वाकडा असतो, आणि ऑपरेशननंतर आरशात पाहून तो आत्ताच झाला असं वाटतं. या व्हिडिओने डॉक्टरांनाही मदत होते.

रक्त पातळ करायच्या गोळ्या, शुगर-बीपीची औषधं, वैद्याची चूर्णं, सगळं सांगा. मनाने काही बंद करू नका. बिडी आजपासून बंद.

आणि खर्ऱ्याचं राहिलं होतं. वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्यांचं तोंड उघडेनासं होतं. आपली तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालून पाहा. जात नसतील तर ते भूलतज्ज्ञाला आधी सांगायलाच हवं, कारण भूल देताना श्वासाची नळी तोंडातूनच घालतात. आधी कळलं तर ते नाकातून दुर्बिणीने नळी घालायची तयारी ठेवतात. टेबलावर झोपवल्यावर कळलं तर ऑपरेशन रद्द होतं, किंवा त्याहून वाईट. बायकोसमोर, सासऱ्यांसमोर खर्रा कबूल करायची लाज वाटते म्हणून लपवणारे पुष्कळ भेटले. भूलतज्ज्ञाला एकटं गाठा, पण सांगा.

सोबत पुढून बटणांचा शर्ट किंवा गाऊन घ्या, डोक्यातून घालायचे कपडे नकोत. ऑपरेशननंतर डोकं उशीवर उंच. गळ्यापाशी ड्रेनची नळी आणि डबी असते, एक-दोन दिवस, ती ओढली जाऊ देऊ नका. टाके पाच ते सात दिवसांत निघतात. मऊ भात, वरण, मुगाची खिचडी चालते. आंबट मात्र काही दिवस नको: लिंबू, लोणचं, चिंच, आणि हिवाळा असेल तर संत्रंही. आंबटाने लाळ सुटते आणि जखमेखाली साठते. भेटायला येणारे संत्रीच घेऊन येतील, ती घरच्यांनी खावीत.

चेहऱ्याचे व्यायाम आरशासमोर, हळू, थोडे थोडे, फिजिओथेरपिस्टने दाखवल्याप्रमाणे. मशीनचे झटके सर्जनला विचारल्याशिवाय घेऊ नका.

गाठीचा अंतिम रिपोर्ट यायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. टाके निघाले, बरं वाटलं, की लोक तो घ्यायलाच जात नाहीत. जा. साधी गाठ निघाली तरी पहिली काही वर्षं वर्षातून एकदा दाखवा, प्लिओमॉर्फिक उशिरानेही उगवते. लॅबमध्ये गाठीचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात ठेवलेले असतात. दुसरं मत हवं असेल तर तो ठोकळा आणि काचा मागता येतात, त्यासाठी रिपोर्टवरचा बायप्सी नंबर फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.